पुटर, सूप आणि पाणबुडीची दुर्बीण

गुरुवार : सेंट अँड्र्यूज

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला रेल्वे जात नाही. एडिंबरोहून साधारण तासाभराने लूकर्स नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरायचं आणि पुढे ९९ नंबरची बस पकडायची. बसमध्ये निम्म्या लोकांकडे गोल्फची लांबलचक बॅग होती आणि उरलेल्यांकडे कुत्रा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. नवऱ्याने निवृत्तीनंतर पुण्यात खेळायला सुरुवात केली, पण ते सगळं लोढणं इतक्या लांब वागवायला माझा ठाम विरोध होता. इथे जवळपास प्रत्येक ठिकाणी सेट भाड्याने मिळतो.

मी स्वतः खेळत नाही. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवरून आयुष्यभर रिक्षाने ये-जा केली, पण आत काय चालतं ते कधी कळलं नाही आणि कळावंसंही वाटलं नाही. त्यामुळे इथल्या फाइफ परगण्याच्या किनाऱ्याने गोल्फची गावं फिरायची असं ठरलं तेव्हा दोन जाडजूड कादंबऱ्या बॅगेत टाकल्या. त्या न उघडताच परत आल्या.

भाची एडिंबरोत नोकरी करते. तिने बजावून ठेवलं होतं, "मावशी, काकांना कुठे जायचं तिकडे जाऊ दे. तू पोचल्या पोचल्या हिमालयात जा."

हा हिमालय समुद्रालगत आहे. हिरव्या गालिच्याखाली कुणीतरी घरातल्या सगळ्या उशा कोंबून ठेवाव्यात तसं ते मैदान. त्यावर अठरा होल (चेंडू घालायचे खळगे) आणि हातात फक्त पुटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी. मैदान आहे सेंट अँड्र्यूज लेडीज पुटिंग क्लबचं. स्थापना १८६७. बाईने चारचौघांत हात खांद्याच्या वर नेऊन काठी फिरवणं त्या काळी अशोभनीय समजलं जाई, म्हणून बायकांच्या वाट्याला पुटिंग आलं. त्यांनी ते घेतलं आणि क्लब दीडशेहून जास्त वर्षं चालवून दाखवला. हाकेच्या अंतरावर रॉयल अँड एन्शंट या जुन्या गोल्फ क्लबची दगडी इमारत आहे. तिथे बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडावं लागलं. हे कळल्यावर त्या इमारतीचा फोटो काढायची माझी हौस फिटली. नवऱ्याने चार काढले.

लाकडी खोपटात पैसे दिले की पुटर, चेंडू, गुण लिहायचं कार्ड आणि बोटभर पेन्सिल मिळते. आमच्या पुढे एक आजी आणि सहा-सात वर्षांचा नातू खेळत होते. माझा पहिला चेंडू चढावर चढला, वर जरा रेंगाळला आणि निघाला होता तिथेच परत आला. दुसऱ्यांदाही तेच. मागे चार जण थांबलेले पाहून मी घाईघाईने चेंडू उचलायला लागले तर आजी म्हणाल्या, "राहू द्या, राहू द्या. लहानपणापासून खेळतेय मी इथे, आणि अजून मला या टेकाडाचा भरवसा नाही." मग त्यांनी चेंडू होलच्या दिशेने न मारता पार डावीकडे मारून दाखवला. तो मोठा वळसा घेत, उतारावरून घरंगळत थेट होलपाशी आला. तेव्हापासून प्रत्येक होलवर नातू आधी जाऊन उभा राहायचा आणि मी कुठे नेम धरायचा ते पायाने दाखवायचा. अकराव्या की बाराव्या होलवर माझा चेंडू दुसऱ्याच फटक्यात आत गेला. तीन होल पलीकडे खेळणाऱ्या अनोळखी लोकांनीही टाळ्या वाजवल्या. नवऱ्याला त्या होलला पाच लागले, हे इथे नोंदवून ठेवते.

*जाणाऱ्यांसाठी :* हिमालय उन्हाळ्याच्या महिन्यांतच खुला असतो, खर्च माणशी पाच पौंडांच्या आसपास. क्लबच्या सभासदांसाठी काही वेळा राखीव असतात, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. मुलं बरोबर असतील तर सेंट अँड्र्यूजमध्ये याहून स्वस्त आणि मजेची दुसरी जागा नाही. नंतर जॅनेटाज्‌मध्ये आइस्क्रीम खा. दुकान १९०८ पासूनचं आहे आणि रांग लांब असली तरी भराभर सरकते.

शुक्रवार : क्रेल

सकाळी खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समुद्र, रस्ता, समोरचं घर, सगळं गायब. उत्तर समुद्रावरून येणारं हे दाट, थंड धुकं. इथले लोक त्याला 'हार' म्हणतात. जूनमध्ये मी स्वेटरवर स्वेटर चढवला. घरमालकीणबाईंनी मात्र आकाशाकडे न बघताच सांगितलं, "अकरापर्यंत जाईल."

सेंट अँड्र्यूजहून ९५ नंबरची बस किनाऱ्याने क्रेल, अँस्ट्रदर, पिटनवीम, सेंट मोनन्स, एली अशी गावं घेत जाते. क्रेलला उतरून पुढे बॅलकोमीपर्यंत अर्धा तास चालत गेलो, दोन्ही बाजूंना शेतं. क्रेल गोल्फिंग सोसायटी १७८६ सालची. म्हणजे पुण्यात शनिवारवाड्यावर सवाई माधवरावांचा अंमल होता तेव्हा इथल्या मंडळींनी एकत्र येऊन क्लब काढला होता. हल्लीचं बॅलकोमीचं मैदान सेंट अँड्र्यूजचा नामांकित गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याने आखलं, १८९५ मध्ये. गोल्फच्या होलमध्ये जो धातूचा डबा बसवतात तो पहिल्यांदा आपण बसवला, १८७४ साली, असं क्लब अभिमानाने सांगतो. त्याआधी दिवसभर हात घालून घालून होलच्या कडा ढासळायच्या.

नवरा एकटाच पाहुणा होता, म्हणून स्टार्टरने (खेळाडूंना क्रमाने मैदानावर सोडणाऱ्या माणसाने) त्याला दोन सभासदांच्या जोडीला घातलं. एक निवृत्त शाळामास्तर, दुसरे आयुष्यभर खेकड्या-लॉबस्टरची बोट चालवलेले. दोघेही सत्तरीपुढचे. मी बरोबर चालले तर पैसे पडतील का, असं विचारल्यावर स्टार्टरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं बुटांवरून काही बोलणार. ते आत गेले आणि लोकांच्या विसरलेल्या वस्तूंच्या खोक्यातून एक निळी लोकरीची टोपी घेऊन आले. "चालायचे पैसे नाहीत. पण कान झाकल्याशिवाय मी सोडणार नाही."

धुकं खरंच अकराला गेलं. पडदा ओढावा तसं नाही, तुकड्यातुकड्यांनी. आधी एक झेंडा दिसला, मग खडक, मग एकदम सगळा समुद्र आणि पलीकडे आइल ऑफ मे हे बेट. आणि मग जो वारा सुटला! छत्री उघडायचा विचार करणंही हास्यास्पद होतं. बोटवाले आजोबा (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणत होते, वयाने फार तर बारा वर्षांनी मोठे असतील) वाऱ्याकडे पाठ करून चेंडू मारायचे, तो समुद्रावर जायचा आणि वारा त्याला बरोबर गवतावर आणून ठेवायचा. नवऱ्याचे चेंडू समुद्रावर जायचे आणि तिथेच राहायचे.

इथल्या चालीरीती मला त्या फेरीत कळल्या. कुणी चेंडू मारत असताना बाकीचे पुतळ्यासारखे उभे राहतात. कुणाचा चेंडू हरवला की चौघेही शोधायला वाकतात, स्वतःचा खेळ सोडून. मागून भराभर खेळत येणारी जोडी दिसली की शाळामास्तर हात वर करून त्यांना पुढे जाऊ द्यायचे, आणि ते जाताना कुणाचा तरी गुडघा किंवा कुणाची तरी नात कशी आहे याची चौकशी व्हायची. वाळूच्या खड्ड्यातून (त्याला बंकर म्हणतात) बाहेर पडताना आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसायचे. गवताचा उपटलेला तुकडा जागेवर ठेवून पायाने दाबायचा. यातलं एकही काम स्वतःसाठी नाही, मागून येणाऱ्या आणि आपल्याला कधीही न दिसणाऱ्या माणसासाठी आहे. नवऱ्याने हे नियम मला घरी अनेकदा ऐकवले होते, पण ऐकणं वेगळं आणि सत्तरीतल्या माणसाला वाऱ्यात वाकून वाळू सारखी करताना बघणं वेगळं.

चौदाव्या होलजवळ एक गुहा आहे. नवव्या शतकात डॅनिश लोकांनी राजा कॉन्स्टंटाइनला इथे ठार केलं अशी आख्यायिका. शाळामास्तरांनी ती रंगवून सांगितली, मारेकऱ्यांच्या आवाजासकट. बोटवाले म्हणाले, "प्रत्येक पाहुण्याबरोबर राजा जरा जास्तच वेळ मरतो." शेवटचं होल झाल्यावर तिघांनी टोप्या काढून हात मिळवले. मग दोघांनी माझ्याशीही हात मिळवले. मी अठरा होल फक्त चालले होते.

क्लबहाउसमध्ये सूप. मी मासे खाते, मांस नाही. मसुराचं सूप फळ्यावर दिसल्यावर मी खूश झाले तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी स्वतःहून विचारलं, "मांस चालतं ना? यात हॅमचा स्टॉक आहे." मग त्या आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, लीक-बटाट्याचं आहे, अजून उकळतंय, दहा मिनिटं थांबाल? खिडकीपाशी हीटरजवळची खुर्ची माझ्यासाठी सरकवली गेली. सूप आलं, लोण्याबरोबर जाड ब्रेड आला, आणि थांबावं लागलं म्हणून एक स्कोन, रास्पबेरीच्या जॅमसकट. त्याचे पैसे बिलात नव्हते. मी दाखवून दिलं तर म्हणाल्या, "तो तसाही मोडला होता." तो अजिबात मोडलेला नव्हता.

टोपी परत करायला गेले तर स्टार्टर घरी गेले होते. आतल्या मुलाने ती परत घ्यायला नकार दिला.

*शाकाहारींसाठी :* स्कॉटलंडमध्ये मसुराचं सूप दिसलं की हॅमबद्दल विचाराच. फिश अँड चिप्सच्या दुकानांतही तळण बरेचदा गाईच्या चरबीत असतं, नुसत्या चिप्स घेतल्या तरी. विचारलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. आणि क्लबहाउसमध्ये शिरताना टोपी काढा, फोन बंद ठेवा.

शनिवार : अँस्ट्रदर

नऊच होलचं मैदान, कड्यावर. खालून फाइफची किनारवाट जाते. पाचवं होल 'रॉकीज' या नावाचं, पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत व्हायला हवं. ब्रिटनमधल्या सगळ्यात अवघड पार थ्रींमध्ये ते गणलं जातं. नवऱ्याचे फटके मी मोजायचं सोडून दिलं आणि बाकावर बसले. बाकावर पितळी पट्टी होती, कुणा सभासदाच्या आठवणीत, आणि खाली लिहिलं होतं की त्यांना इथून खेळण्यापेक्षा इथे बसायला जास्त आवडायचं. मला हे गृहस्थ पटले.

गावातून परतताना एका गल्लीत घराच्या कठड्यावर अंड्यांचे ट्रे मांडलेले दिसले. अंड्यांच्या जागी गोल्फचे चेंडू, धुऊन पुसून, नव्यासारखे वेगळे आणि खरचटलेले वेगळे. शेजारी पैसे टाकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. माणूस कुणी नाही. नवऱ्याने सहा घेतले आणि मोजून पैसे टाकले. त्यातला एक चेंडू सकाळी आपणच घालवलेला आहे असा त्याचा संशय होता.

दुपारी बंदरावर हॅडॉक खाल्ला (तळण विचारून). पांढराशुभ्र, मऊ, पाकळ्या सुटणारा मासा. तिखटमीठ लावलेल्या सुरमईवर वाढलेल्या माणसाला पहिला घास अळणी वाटतो. व्हिनेगर सढळ हाताने घाला. आणि समुद्रपक्ष्यांकडे पाठ करून बसू नका, ते थेट हातातून नेतात.

रविवार : ओल्ड कोर्स

सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे जगातलं सगळ्यात नावाजलेलं गोल्फचं मैदान रविवारी बंद असतं. म्हणजे गोल्फसाठी बंद आणि बाकी सगळ्यांसाठी उघडं. लोक बाबागाड्या घेऊन येतात, कुत्री मोकळी सोडतात, पोरं पतंग उडवतात. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर दर रविवारी हेच.

याचं मूळ जुनं आहे. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने या किनाऱ्याच्या जमिनीवर ससे पाळायचा हक्क मिळवला, आणि त्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळायचा हक्क मान्य केला. आजही जमीन सार्वजनिक आहे, कारभार ट्रस्टकडे. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून तर गावाचा रस्ताच जातो, ग्रॅनी क्लार्क्‌स वाइंड नावाचा. इतर दिवशी खेळ चालू असतानाही लोक तिथून समुद्रावर जातात आणि खेळाडू थांबतात. पाहुण्याला एका फेरीला भर हंगामात तीनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात. गावकऱ्याला मात्र वर्षभराचं तिकीट त्या मानाने किरकोळ पैशांत मिळतं. मला हा भेदभाव एकदम मान्य आहे.

स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल फोटोत बघून मी फार मोठा समजत होते. प्रत्यक्षात दहा-बारा पावलांत संपतो. मेंढरं पलीकडे न्यायला बांधलेला, सात शतकांपूर्वीचा म्हणतात. तिथे फोटोसाठी रांग होती, पण रांगेला कुणी आखून न दिलेली शिस्त होती : पुढच्याचा फोटो मागच्याने काढायचा. आमचा फोटो कोरियाहून आलेल्या एका मुलीने काढला. तीनदा, कारण तिसऱ्या खेपेपर्यंत नवऱ्याने पोट आत घेतलं नव्हतं. आम्ही मागच्या जर्मन कुटुंबाचा काढला आणि त्यांच्या कुत्र्याला मी धरलं.

पुढे एक गृहस्थ त्यांच्या म्हाताऱ्या स्पॅनियलबरोबर रोजच्यासारखे हळूहळू चालले होते. त्यांनी मला एक गंमत दाखवली. इथे बरेचसे ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, दोन-दोन होलना मिळून आहेत, आणि एकाच ग्रीनवरच्या दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा. दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, असं. मी आठवं-दहावं पडताळून पाहिलं. बरोबर. खेळता का, असं मी त्यांना विचारलं. "खेळायचो. आता हा खेळतो," त्यांनी कुत्र्याकडे बोट दाखवलं. कुत्रा तेव्हा एका जगप्रसिद्ध बंकरच्या काठावर लोळत होता.

दुपारी गोल्फच्या संग्रहालयात गेलो. तिथे फिरताना मुंबई भेटली. 'बॉम्बे सिल्व्हर मेडल' हे पदक मुंबईच्या गोल्फ क्लबने १९व्या शतकात रॉयल अँड एन्शंट क्लबला दिलेलं. क्लबच्या वसंतातल्या स्पर्धेत दुसरा येणाऱ्यासाठी असलेलं. पहिल्यासाठी का नाही, असं मी तिथल्या मदतनीस मुलीला विचारलं. ती हसून म्हणाली, पहिला तर तसाही खूश असतो.

कॅथिड्रलच्या भग्न भिंतीशी ओल्ड टॉम मॉरिस आणि त्याच्या मुलाची कबर आहे. मुलगाही टॉमच, ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा सलग चार वेळा जिंकलेला. बायको बाळंतपणात गेली आणि काही महिन्यांनी, १८७५ च्या नाताळच्या दिवशी, तोही गेला, चोविसाव्या वर्षी. स्मारकासाठी साठ गोल्फ संस्थांनी पैसे पाठवले होते. आजही लोक तिथे गोल्फचे चेंडू ठेवून जातात.

*खेळणाऱ्यांसाठी :* ओल्ड कोर्सवर खेळायचं तर दोन दिवस आधी बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव टाकावं लागतं, किमान दोन खेळाडू आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या पातळीचा, दाखला लागतो. नाव निघालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच जमिनीवर ट्रस्टची इतर मैदानं आहेत. आणि रविवारी फुकट चालता येतं, फक्त ग्रीनवर पाय देऊ नका.

सोमवार : एली

एलीच्या पहिल्या होलसमोर टेकाड आहे. पुढचे लोक टेकाडापलीकडे उतरले की दिसत नाहीत, आणि न बघता मारलेला चेंडू कुणाच्या डोक्यात बसायचा. यावर क्लबने साठच्या दशकात काढलेला उपाय असा : 'एक्सकॅलिबर' या ब्रिटिश पाणबुडीचा पेरिस्कोप, म्हणजे उंच नळीची दुर्बीण, आणून स्टार्टरच्या खोपटात उभा केला. तो छपरातून वर जातो. स्टार्टर दोन्ही मुठी धरून तो फिरवतात, पलीकडचं मैदान मोकळं दिसलं की हात वर करतात, मग तुम्ही मारायचं.

नवऱ्याची पाळी यायला वेळ होता. खोपटाच्या दारात मी किती आशाळभूतपणे उभी असेन ते स्टार्टरच्या चेहऱ्यावरून कळलं. "या, कप्तान," ते म्हणाले. मी डोळा लावला. टेकाडापलीकडची हिरवळ, ट्रॉली ओढणाऱ्या दोन बायका, त्यातली एक खिशातून केळं काढून सोलत होती. थोडं फिरवल्यावर गावाची छपरं आणि समुद्र. नवऱ्याची वेळ झाली तेव्हा स्टार्टर मला म्हणाले, मोकळं आहे का ते तुम्हीच सांगा. केळंवाल्या बाई अजून चालत होत्या. मी त्यांना शांतपणे पलीकडे जाऊ दिलं. नवरा हातात काठी धरून टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा, मागे रांग, आणि सगळे माझ्या परवानगीची वाट बघतायत. बत्तीस वर्षांच्या संसारात असा क्षण आला नव्हता.

पाच वेळा ओपन जिंकलेला जेम्स ब्रेड शेजारच्या अर्ल्सफेरीचा. शिक्षणाने सुतार. या मैदानावर पार फाइव्ह एकही नाही, सोळा पार फोर आणि दोन पार थ्री. नवऱ्याने याचं विश्लेषण मला बसमध्ये तासभर ऐकवलं, ते इथे वगळते.

तो खेळत होता तेवढ्यात मी किनाऱ्याने लेडीज टॉवरपर्यंत गेले. १७७० च्या सुमाराला लेडी जॅनेट अँस्ट्रदर यांनी आंघोळीआधी कपडे बदलायला बांधून घेतलेला बुरूज. बाईसाहेब समुद्रात उतरणार म्हटलं की नोकर गावात घंटा वाजवत फिरायचा, लोकांनी दूर राहावं म्हणून. आता तिथे पोरं खेकडे पकडत होती.

ओहोटी लागली की एलीच्या वाळूवर क्रिकेट चालतं. किनाऱ्यावरच्या शिप इन या पबचा स्वतःचा संघ आहे, सामने भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ठरतात. सोमवारी सामना नव्हता, पण दहा-बारा पोरं, त्यांच्या आया आणि एक आजोबा टेनिस चेंडूने खेळत होते. आम्ही कठड्यावर बसून बघत होतो. भारतातले का, असा प्रश्न आला आणि पुढच्या मिनिटाला नवऱ्याच्या हातात चेंडू होता. गोल्फमध्ये दिवसभर ज्याचा एक फटका सरळ गेला नाही त्याने पहिल्याच चेंडूवर आजोबांचा त्रिफळा उडवला. आजोबा म्हणाले, वाळूवर पहिला चेंडू धरत नाहीत. पोरांनी एकमुखाने सांगितलं की असा काही नियम नाही. मग एका आईने, म्हणजे आजोबांच्या सुनेने, निकाल दिला : आजोबा बाद, पण पुन्हा खेळतील. दुसऱ्या डावात त्यांनी चेंडू समुद्रात मारला. कुणाचा तरी लॅब्राडोर तो घेऊन आला, आणि चिप्स दिल्याशिवाय सोडेना.